आठवणींचा खाते-उतारा

२०२४ पासून मोठे एआय साहाय्यक माणसांच्या आठवणी ठेवू लागले. त्यावर जे काही लिहिले जाते त्यात दोन प्रश्न हमखास असतात: यंत्राला आपल्याबद्दल किती ठाऊक आहे, आणि ते पुसता येते का. त्यांच्याही आधीचा एक प्रश्न मात्र मागेच राहतो. एखाद्या रुग्णालयाने, बँकेने, सरकारी खात्याने किंवा आंबा बागायतदारांच्या संस्थेने असा साहाय्यक चालवला, तर त्याच्या साठ्यात आजच्या तारखेला कोणाकोणाच्या नावाने आठवणी जमा आहेत? ही नावे एका जागी काढून दाखवणारी साधने आता आली आहेत. तंत्रज्ञ त्यांना किरकोळ सोय समजतात. माझ्या मते माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा प्रत्येक हक्क शेवटी याच यादीवर उभा आहे. खाते कोणाचे आहे हेच जिथे सांगता येत नाही, तिथे खात्यात काय आहे हे कोण सांगणार?

रत्नागिरीच्या माणसाला हे पटायला फार खटपट नको. सातबारा जमिनीचा असतो. गट नंबर घातला की त्या तुकड्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते दिसते. पण ‘या गावात माझ्या नावावर एकूण काय आहे?’ याचे उत्तर सातबारा देत नाही. त्यासाठी गाव नमुना ८-अ, म्हणजे खाते-उतारा लागतो. त्यात खातेदाराच्या नावाखाली त्याचे सगळे गट, क्षेत्र आणि आकारणी येते. दोन-तीन पिढ्या मुंबईत काढलेला चाकरमानी वाटणीचे बोलायला गावी येतो तेव्हा आधी आठ-अ मागतो, कारण तो हातात आल्याशिवाय कोणते सातबारे काढायचे हेच कळत नाही. एआयच्या साठ्यांत सध्या सातबारे भरमसाट झाले आहेत आणि आठ-अ काढायची सोय जेमतेम सुरू झाली आहे.

नोंद कोणाच्या हातात, यावरच्या भांडणाचा तर या जिल्ह्याला जुना अनुभव आहे. खोती गावांत सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत उभा असे. सारा तो गोळा करी आणि सरकारात भरी. १८८० च्या खोती कायद्याने खोत आणि कुळे यांचे संबंध कागदावर आणले, तरी कुळाचे परावलंबन संपले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत निघाला. प्रथा कायद्याने गेली ती १९४९ च्या खोती उच्चाटन कायद्याने. लढा जमिनीचा आणि वसुलीचा होता. पण ज्याच्या हाती हिशेब त्याच्यापुढे कुळाचा शब्द लंगडा पडतो, हे दुखणेही त्यातलेच. आठवणी साठवणाऱ्या यंत्रांचा विचार मी याच बाजूने करतो.

यंत्राची आठवण म्हणजे प्रत्यक्षात काय, हे नीट पाहिले पाहिजे. मूळ भाषा-मॉडेलला तुमची आठवण नसते. संभाषण संपले की त्याच्यापुरते सगळे संपते. पुढच्या वेळी ते कोरेच असते. आठवण ठेवली जाते ती मॉडेलच्या बाहेर. समजा, पावसच्या बाजूचा एक बागायतदार डिसेंबरात साहाय्यकाला सांगतो, “हापूसला मोहोर आलाय, तुडतुडे दिसतायत. गेल्या आठवड्यात पहिली फवारणी झाली. बाग यंदा कराराने दिलेली नाही, मीच बघतोय.” साहाय्यक औषधाचे आणि प्रमाणाचे उत्तर देतो. त्याच वेळी मागच्या बाजूला दुसरे काम चालू असते. या बोलण्यातून टिकाऊ वाटणाऱ्या गोष्टी वेचून छोटी छोटी वाक्ये तयार होतात: हापूसची बाग आहे; पहिली फवारणी झाली; बाग स्वतः सांभाळतो. प्रत्येक वाक्याची स्वतंत्र नोंद होते, त्याच्या अर्थाची आकड्यांची एक लांब मालिका बनते आणि ती एका खास डेटाबेसमध्ये जाते. फेब्रुवारीत तोच माणूस “आता फळगळ होतेय” म्हणाला, की अर्थाने जवळच्या नोंदी शोधून नव्या प्रश्नाबरोबर मॉडेलपुढे ठेवल्या जातात. बागायतदाराला वाटते, याला माझी बाग आठवते.

यातली सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे प्रत्येक नोंदीला लावलेली खूण: ही नोंद कोणाची. मेम-झीरो नावाचा मुक्तस्रोत स्मृती-थर आहे. जगभरचे अनेक विकसक आपल्या साहाय्यकांना आठवण जोडायला तो वापरतात. त्यात नोंद चार प्रकारच्या खात्यांवर लागू शकते: वापरणारा माणूस, काम करणारा एजंट, ज्या अॅपमधून बोलणे झाले ते अॅप, आणि त्या वेळची बैठक. आणि त्यात एक साधन आहे, जे इतकेच करते: सध्या कोणकोणत्या माणसांच्या, एजंटांच्या, अॅपच्या आणि बैठकांच्या नावे आठवणी आहेत, त्याची यादी देते. आठवणींचा मजकूर ते दाखवत नाही, फक्त खातेदार दाखवते. यादीतले एखादे खाते काढून टाकले तर त्याखालच्या साऱ्या आठवणी जातात, अशी जोडीची सोयही आहे.

सगळ्या प्रणालींची मांडणी अशी नसते. बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मेमजीपीटी मांडले, त्यातून पुढे लेटा झाले. तिथे आठवण मुळात एजंटची मालमत्ता मानली जाते. एक एजंट शंभर माणसांशी बोलत असेल तर यादीत एजंटचे नाव येईल आणि शंभर माणसे त्याच्या पोटात राहतील. झेप नावाच्या प्रणालीत नोंदींचे जाळे असते आणि प्रत्येक गोष्ट कधीपासून कधीपर्यंत खरी होती हेही लिहिलेले असते. आमच्याकडे याला फार मोल आहे. कारण बाग एका हंगामाला करारावर जाते, दुसऱ्या हंगामाला परत येते. ‘बाग स्वतः सांभाळतो’ ही नोंद तारखेशिवाय राहिली तर दोन वर्षांनी ती खोटी साक्ष देते.

अशी यादी प्रथमच काढून पाहिली की बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. चाचणी करताना विकसकाने सगळ्यांसाठी एकच तात्पुरते नाव दिलेले असते आणि ते बदलायचे राहून जाते. मग साऱ्या गावाच्या आठवणी एकाच खात्यावर चढतात आणि एकाची फवारणी दुसऱ्याच्या उत्तरात येते. याच्या उलटही होते. एकाच माणसाचे नाव कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये, कुठे वडिलांच्या नावासह, कुठे आडनाव आधी असे लिहिले जाते आणि त्याची तीन-चार खाती होतात. त्याने ‘माझे सगळे पुसा’ म्हटले, तर एक पुसले जाते आणि बाकीची राहतात. ओळख म्हणून मोबाइल नंबर धरला तर घरातल्या एकाच फोनवरून सासरे बागेचे विचारतात, सून बाळाच्या तापाचे विचारते आणि नातू परीक्षेचे. साठ्याच्या दृष्टीने हा एकच माणूस.

मोबाइल नंबराची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. किमान ९० दिवस तो कोणाला द्यायचा नाही, एवढेच बंधन आहे. आठवणी नंबरावर टांगलेल्या असतील आणि कोणी त्या काढल्या नसतील, तर नव्या सिमबरोबर परक्याच्या आयुष्याची वाक्ये मिळू शकतात. मजकूर न उघडता, नुसती नावांची यादी आणि शेवटच्या वापराची तारीख पाहूनही अशी बेवारस खाती ओळखता येतात. म्हणूनच ही यादी नियमाने काढली गेली पाहिजे.

बेवारस खात्यांत मृतांचीही खाती येतात. २०२५ च्या एप्रिलपासून राज्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम चालवली, मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. कोकणात या कामाला अंतच नाही, कारण आजोबा-पणजोबांची नावे अजून उताऱ्यांवर आहेत आणि सामाईक क्षेत्रात वारस पसरत गेले आहेत. एआयच्या साठ्यांना अशी मोहीम ठाऊक नाही. माणूस गेला तरी त्याचे गुडघ्याचे दुखणे, कर्जाची चिंता, मुलाशी झालेला अबोला हे सारे खात्यावर तसेच राहते. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १४ ने मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी कोणाला नेमून ठेवण्याची मुभा दिली आहे. चांगली तरतूद आहे. पण नेमलेल्या माणसाने दार ठोठावायचे कुठे, हे यादीशिवाय त्याला कळणार नाही.

यादीने सगळे दिसते असेही नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो: कुळाचे नाव, बँकेचा बोजा, वाटेचा हक्क. आठवणींच्या साठ्याला तो रकानाच नाही. एखाद्याने साहाय्यकाजवळ भावकीतल्या तंट्याचा मजकूर तयार करून घेताना चुलतभावाचे कर्ज, त्याचे व्यसन, त्याच्या मुलीचे मोडलेले लग्न सांगितले, तर हे सारे सांगणाऱ्याच्या खात्यावर जाते. चुलतभाऊ यादीत कुठेच नसतो. त्याने त्या संस्थेकडे अर्ज केला तर ‘आपल्या नावे काही नाही’ असे उत्तर मिळेल आणि ते त्या यादीपुरते खरेही असेल. या प्रश्नाला पटेल असा तांत्रिक उपाय माझ्या पाहण्यात नाही. नोंदीतल्या प्रत्येक नावाची वेगळी सूची करावी, तर जे विखुरलेले होते ते एकत्र करून आणखी धोकादायक केल्यासारखे होते.

हा धोका मूळ यादीलाही आहेच. एखाद्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्यकाची, दारू सोडवणाऱ्या केंद्राची किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या मदत-क्रमांकाची खातेदार यादी बाहेर गेली, तर आतला एक शब्दही न वाचता पुरेसा घात होतो. त्यात आता साहाय्यकालाच साधने हाताळू देण्याची पद्धत रूढ झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने त्यासाठीचा एमसीपी हा खुला संकेत जाहीर केला आणि तो झपाट्याने पसरला. म्हणजे यादी काढणारे साधन माणसाच्या हातात असते तसे एआयच्याही हातात दिले जाऊ शकते. २०२४ मध्ये योहान रेहबर्गर या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले की बाहेरच्या मजकुरात लपवलेल्या सूचनांनी चॅटजीपीटीच्या आठवणींत खोट्या नोंदी घुसवता येतात. अशाच लपवलेल्या सूचनेने यादीही मागवली जाऊ शकते. त्यामुळे हे साधन बोलक्या साहाय्यकाच्या हाती देऊ नये. ते एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असावे आणि त्याचा प्रत्येक वापर नोंदला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामान्य माणूस रोज वापरतो त्या मोठ्या साहाय्यकांत चित्र काय आहे? तिथे कंपनीची यादी आपल्याला दिसत नाही, आपले स्वतःचे पान तेवढे दिसते. ओपनएआयने फेब्रुवारी २०२४ मध्ये चॅटजीपीटीत आठवणीची चाचणी सुरू केली तेव्हा जतन केलेली वाक्ये सेटिंगमध्ये एकाखाली एक दिसत आणि एकेक पुसता येत. एप्रिल २०२५ मध्ये जुन्या सर्व संभाषणांचा आधार घेण्याची क्षमता आली. सोय वाढली, पण त्या संभाषणांतून यंत्राने नेमके काय उचलले याची तशी ओळीओळीची यादी राहिली नाही. अँथ्रॉपिकच्या क्लॉडमध्ये आठवण २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात टप्प्याटप्प्याने आली. तिथे यंत्राने केलेला गोषवारा वाचता येतो, बदलता येतो आणि प्रत्येक प्रकल्पाची आठवण वेगळी राहते. गूगलच्या जेमिनीतही जतन केलेली माहिती आणि जुन्या गप्पांचा आधार अशा दोन्ही वाटा आहेत.

स्वतःचे पान पुसले म्हणजे साठा पुसला, असेही धरता येत नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात मे २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ओपनएआयला आदेश दिला, की एरवी पुसली गेली असती ती उत्तरे जपून ठेवा. लोकांनी आपल्या बाजूने काढून टाकलेली संभाषणे, जी साधारणपणे ३० दिवसांत जायची, ती त्या काळात कायद्याच्या धाकाने राहिली. नवी उत्तरे जपून ठेवण्याचे बंधन त्याच वर्षी सप्टेंबरात संपले. पडद्यावरचे पान कोरे होते आणि मागच्या फडताळात कागद होते. कोणाकोणाच्या नावे काही उरले आहे, हे सांगणारी यादी न्यायालयीन राखीव साठ्यालाही लागते.

मॉडेलच्या प्रशिक्षणात मुरलेली माहिती हा वेगळाच प्रांत आहे. निकोलस कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी जीपीटी-२ मधून लोकांची नावे, पत्ते, फोन नंबर जसेच्या तसे बाहेर काढून दाखवले. तिथे खातेच नाही, तेव्हा खातेदारांची यादी निघणार नाही. निदान जे खात्यांवर ठेवले जाते त्याचा तरी हिशेब पक्का असावा.

आपला डेटा संरक्षण कायदा या खात्यांच्या बाबतीत दुसऱ्या टोकाने येतो. कलम ११ नुसार माणूस संस्थेला विचारू शकेल: माझी कोणती माहिती तुम्ही वापरत आहात त्याचा सारांश द्या, आणि ती आणखी कोणाकोणाकडे दिली त्या सर्वांची नावे सांगा. बागायतदाराच्या त्या एका प्रश्नाचाच माग घ्या. अॅप एका संस्थेचे, सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा, मॉडेल तिसऱ्याचे, स्मृती-थर चौथ्याचा. चौघांपैकी प्रत्येकाला आपल्या साठ्यातले खातेदार काढता आले, तरच पहिली संस्था खरे उत्तर देऊ शकेल. कायदा मागतो ती ‘माझी माहिती कोणाकडे’ ही यादी, आणि साधन देते ती ‘आमच्याकडे कोणाची माहिती’ ही यादी. दुसरी नसेल तर पहिली निव्वळ अंदाज ठरते. ८-अ सुद्धा एका गावापुरताच असतो. दुसऱ्या गावातली जमीन त्यात दिसत नाही, तिथे वेगळा काढावा लागतो. एआयच्या जगात तर गावांचीच यादी कोणाकडे नाही.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरची मुख्य बंधने आणि नागरिकांचे हे हक्क १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. मोठ्यात मोठा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण कलम ११ ची मेख त्याच्या शब्दांत आहे. हा हक्क संमतीने दिलेल्या माहितीला आहे. अनुदान, लाभ, परवाने देण्यासाठी सरकारला कलम ७ खाली वेगळी मोकळीक आहे, आणि गुन्ह्यांचा तपास व प्रतिबंध यांना कलम १७ ने सूट दिली आहे. म्हणजे खाजगी अॅपकडून जे मागता येईल ते सरकारी साहाय्यकाकडून तितक्याच हक्काने मागता येईल, याची खात्री नाही. मला हे उलटे वाटते. खाजगी अॅप नको तर काढून टाकता येते. अनुदानाचा अर्ज तसा टाळता येत नाही.

आणि महाराष्ट्रात हे दूरचे राहिलेले नाही. कृषी विभागाने २०२५ मध्ये मराठीत प्रश्न विचारता येतील असे महाविस्तार अॅप आणले. त्याच वर्षी एप्रिलपासून शेती योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याने प्रशासनात एआय वापरायला सुरुवात केली आहे. यातल्या कोणत्या साहाय्यकाने माणसागणिक आठवण ठेवायची ठरवली, तर तिला लावायला एक पक्की खूण आयती तयार आहे. पक्क्या खुणेने नावांचा घोळ टळेल, नंबर बदलल्याचा धोका जाईल. पण तिने पीक-सल्ला, विमा, कर्ज आणि आरोग्य यांच्या आठवणी एका दोरीत ओवताही येतील.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे कलम ४ इथे आठवण्यासारखे आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकित ठेवावेत, असे ते सांगते, आणि कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता सांगते. एआयच्या साठ्यातल्या नोंदी हे अभिलेख नव्हेत, असे कोणते कार्यालय कशाच्या आधारे म्हणेल? नावे जाहीर करायची गरज नाही, करूच नयेत. पण साठे किती, त्यांत खाती किती, कोणत्या प्रकारची, सर्वांत जुने खाते केव्हाचे, गेल्या वर्षी किती बंद केली, एवढे आकडे तालुक्याच्या कार्यालयातही फलकावर लावता येतील. जिल्हा परिषद किंवा नगरपरिषद अशा साहाय्यकाची निविदा काढील तेव्हा त्यात चार अटी घालायला पैसे लागत नाहीत. खातेदारांची यादी मागेल तेव्हा निघाली पाहिजे. नागरिकाला स्वतःचे पान मराठीत वाचता आले पाहिजे. खाते बंद केल्यावर ते राखीव प्रतींतूनही केव्हा जाईल, ती मुदत लिहिलेली हवी. आणि यादी काढण्याचा अधिकार कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याला आहे व त्याने ती केव्हा, कशासाठी काढली, याची फेरफार नोंदवहीसारखी खोडता न येणारी वही ठेवली पाहिजे. मे २०२७ च्या आधी निघणाऱ्या निविदांत या अटी आल्या नाहीत, तर त्या यंत्रणा पुढची पाच-सात वर्षे तशाच चालतील आणि दुरुस्तीचा खर्च पुन्हा त्याच कार्यालयाच्या माथी येईल.